पिकअपचं डिझेल नेमकं जातं कुठे?

पत्र थोडक्यात: जुन्नर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. घरची टोमॅटोची शेती, दारात २०१४ सालची डिझेल पिकअप. हंगामात महिन्याला साधारण १५ फेऱ्या वाशी मार्केटला होतात, म्हणजे ५,००० किलोमीटरच्या आसपास. गाडीचं सगळं सासरे बघायचे. मार्चमध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि हिशेबाची वही ताईंकडे आली. सासरे म्हणतात, गाडी लिटरला १३ किलोमीटरचं ॲव्हरेज द्यायची. वहीत मात्र गेले तीन महिने ९.४, ९.६ आणि ९.५ असे आकडे आहेत. दिरांचं म्हणणं, ११ वर्षं गाडीवर असलेले ड्रायव्हर तात्या डिझेल काढून विकतात, त्यांना काढून टाका. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन बांधावं लागेल, ९० हजार येतील. नवरा म्हणतो, विकून टाकू आणि नवी घेऊ. ताई विचारतात: "तात्यांना मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. त्यांच्यावर आळ घ्यायला जीभ रेटत नाही. पण महिन्याचा खड्डाही परवडत नाही. मी काय करू?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मीही तुमच्यासारखाच त्या एका प्रश्नात अडकलो, तात्या की इंजिन? दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसलो आणि तुम्ही जाता जाता लिहिलेल्या गोष्टींखाली रेघा मारल्या. तीस वर्षं डिझेल गाड्यांखाली झोपून काम केल्यावर एक सवय लागते. गिऱ्हाईक जे ठासून सांगतं ते ऐकायचं, आणि जे सहज बोलून जातं ते लिहून ठेवायचं.

तुम्ही सहज लिहिलेल्या गोष्टी या. मे महिन्यात परतीचं भाडं घेऊन येताना बोरघाट चढताना गाडी तापली, तेव्हा वाटेतल्या मिस्त्रीने "कुठलातरी वाल" (व्हॉल्व्ह) काढून टाकला आणि त्यानंतर गाडी पुन्हा कधी तापली नाही. जूनमध्ये टायर बदलले, जुने २१५/७५ आर १५ होते, दिरांनी दणकट हवेत म्हणून २३५/७५ आर १५ घातले. सासरे टोमॅटोचे ६० कॅरेट (क्रेट) भरायचे, आता ८० भरता. आणि दिवाळीत तात्या आठवडाभर गावी गेले तेव्हा दिरांनी चार फेऱ्या मारल्या, त्याचं ॲव्हरेज ९.६ पडलं. हे शेवटचं तर तुम्ही कंसात लिहिलंय, आणि पुढे "पण भाऊजी गाडी जोरात चालवतात" असं म्हणून सोडून दिलंय.

माझ्या मते तुमच्या अख्ख्या पत्रातला सगळ्यात मोलाचा आकडा तोच आहे. तात्या गाडीवर असताना साडेनऊ, तात्या गाडीवर नसतानाही साडेनऊ.

चोरी होतच नसते असं मी म्हणणार नाही. हिशेब करून बघू. ५,००० किलोमीटरला १३ च्या हिशेबाने ३८५ लिटर डिझेल लागतं, साडेनऊच्या हिशेबाने ५२६ लिटर. फरक १४० लिटर. नव्वद रुपये लिटर धरलं तर महिन्याला साडेबारा हजार. फेरीला वाटून टाकलं तर नऊ-साडेनऊ लिटर, म्हणजे एक कॅन. एक कॅन काढणं अशक्य नसतं. पण डिझेल काढणारा माणूस दर वेळी मोजून तेवढंच काढत नाही. कधी पाच लिटर, कधी पंधरा, पैशाची नड असेल त्या आठवड्यात जास्त, मालक सोबत असेल तेव्हा काहीच नाही. अशा गाडीचं ॲव्हरेज दर टाकीला उड्या मारतं. तुमच्या वहीत तीन महिने आकडा एकाच जागी उभा आहे. इतक्या नेमाने डिझेल पितं ते यंत्र, किंवा वजन.

मग संशय तात्यांवरच का आला? मला वाटतं, सासरे आजारी पडले आणि ॲव्हरेज पडलं, या दोन गोष्टी एकापाठोपाठ झाल्या म्हणून. घरात सगळ्यांनी त्या जोडल्या: बघणारा माणूस गेला, हात मारणाऱ्याला रान मोकळं झालं. पण त्याच दोन-तीन महिन्यांत वाल निघाला, टायर बदलले, वजन वाढलं. यातल्या कशालाच तोंड नाही आणि तात्या घरच्यांपुढे तोंड उघडणार नाहीत. दोष त्यांच्या अंगावर जाऊन बसला.

आता आधी त्या १३ चं बघू. सासऱ्यांवर मी अविश्वास दाखवत नाही. पण तो आकडा त्यांनी कसा काढला होता? बऱ्याच जुन्या गाडीमालकांच्या डोक्यात जो आकडा असतो तो कधीतरी नव्या गाडीवर, अर्ध्या वजनावर, सपाट रस्त्यावर एकदा काढलेला असतो आणि तोच कायम राहतो. जुनी वही किंवा पंपाच्या पावत्या सापडल्या तर गेल्या वर्षीचे दोन-तीन महिने जोडून बघा. माझा अंदाज, ६० कॅरेट घेऊन ती गाडी बारा-साडेबारा देत असेल. तसं असेल तर तुमचा खड्डा वाटतो तेवढा खोल नाही.

दुसरं, साडेनऊ हा आकडाही पुरता खरा नाही. का, ते टायरवरच लिहिलेलं आहे. २१५/७५ आर १५ टायरची उंची साधारण ७०४ मिलिमीटर भरते, २३५/७५ आर १५ ची ७३४. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं, पण मीटरला ते कळत नाही, तो जुन्या चाकाच्या मापानेच किलोमीटर मोजत राहतो. फरक चार टक्क्यांहून थोडा जास्त. म्हणजे मीटर १०० किलोमीटर म्हणतो तेव्हा गाडी १०४ चाललेली असते. वहीतलं ९.५ खरं तर ९.९ आहे. गाडीला पाना न लावता तुमचं ॲव्हरेज दहापर्यंत आलं! खात्री करायची असेल तर एखाद्या सकाळी मोबाईलवर नकाशा लावून २० किलोमीटर चालवा आणि मीटरशी ताडून बघा.

खरं ॲव्हरेज काढायची पद्धत एकच, टाकी फुल ते टाकी फुल. पाचशेचं टाकलं, हजाराचं टाकलं, काट्यावरून अंदाज केला, याला मोजणं म्हणत नाहीत. एकाच पंपावर, शक्यतो एकाच नोझलने, गाडी सपाट उभी करून पहिल्यांदा नोझल आपोआप बंद पडेपर्यंत भरा. तिथेच थांबा, वरून ठोकून आणखी दोन लिटर घालू नका. रीडिंग लिहा. पुढच्या वेळी तसंच. एका टाकीवरून काही ठरवू नका, तीन टाक्यांचे किलोमीटर एकत्र, लिटर एकत्र, मग भागाकार. १,४२० किलोमीटरला १४९ लिटर लागले तर ९.५. वहीत तारीख, रीडिंग, लिटर एवढंच लिहिता ना? त्यात कॅरेट किती आणि परतीला गाडी भरलेली होती की रिकामी, हे दोन रकाने वाढवा. हे दोन रकाने नसल्यामुळेच तुमचा घोळ झालाय.

पंपावर संशय असेल तर तोही फेडून घेता येतो. प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात भरून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. भांडण न करता, गर्दी नसेल तेव्हा मागा. तो तुमचा हक्क आहे.

आता त्या वालाकडे येतो, कारण माझ्या पेन्सिलची सगळ्यात जाड रेघ त्याच्याखाली आहे.

मिस्त्रीने काढला तो बहुतेक थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह. मुठीत मावेल एवढी पितळी वस्तू, आत मेणाची कुपी आणि एक स्प्रिंग. इंजिन गार असतं तेव्हा हा वाल बंद असतो, पाणी रेडिएटरकडे जाऊच देत नाही, त्यामुळे इंजिन लवकर तापतं. पाणी साधारण ८० अंशांच्या पुढे गेलं की मेण फुगतं, वाल उघडतो, पाणी रेडिएटरमधून फिरून गार होऊन येतं. डिझेल इंजिनला तापणं जसं वाईट तसं गार राहणंही वाईट. गार इंजिनात डिझेल पुरतं जळत नाही, ऑइल जाड राहतं, आणि कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटर डिझेल मोजून सोडतो असं इंजिन असेल तर त्याचा कॉम्प्युटर पाणी गार दिसतंय म्हणून जादा डिझेल सोडत राहतो. वाल नसलेली गाडी म्हणजे थंडीत दारं-खिडक्या सताड उघडून शेकोटी करण्यासारखं आहे. लाकडं जळतात, ऊब येत नाही.

आपल्याकडे घाटात गाडी तापली की वाल काढून फेकायचा हा रस्त्यावरच्या मिस्त्रींचा ठरलेला उपाय. त्या रात्री त्याने तुमची गाडी घरी पोहोचवली, त्याचे उपकार मानावेत. पण तो उपाय त्या रात्रीपुरता होता आणि तुम्ही त्याच्यावर सात महिने गाडी चालवताय.

तपासायला पैसे लागत नाहीत. पहाटे गाडी निघते तेव्हा तात्यांना सांगा, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत काटा मधल्या जागेजवळ येऊन थांबायला हवा. नारायणगावहून चाकण आलं तरी काटा खालच्या रेघेलाच चिकटलेला असेल, किंवा चढाला वर येऊन उताराला पुन्हा खाली पडत असेल, तर वाल नाही किंवा उघडाच अडकलाय. हातात धरून बघायचं असेल तर नवा वाल आणून घरीच परीक्षा घ्या. टोपात पाणी ठेवा, वाल दोऱ्याने असा सोडा की बुडाला टेकणार नाही, गॅस लावा. पाणी चटका बसण्याइतकं तापलं तरी तो गप्प असतो. मग कडेने बुडबुडे सुटू लागले, उकळी यायच्या बेतात आली की मधली चकती सावकाश वर उचलली जाते आणि गॅस बंद केला की तशीच सावकाश मिटते. मी माझ्या गॅरेजमध्ये आलेल्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी हे दाखवायचो. एकदा डोळ्यांनी बघितलं की तो पोरगा पुन्हा कुणाचा वाल फेकत नसे.

मात्र नुसता वाल बसवून मोकळं होऊ नका. गाडी मे महिन्यात का तापली होती, ते कारण अजून तिथेच असेल. रेडिएटरच्या जाळीत शेतरस्त्याची माती आणि पाचोळा बसून गच्च झालंय का, बघा. आतून बाहेर, हलक्या पाण्याने धुवा, जोराच्या फवाऱ्याने पत्र्या वाकतात. आत नुसतं बोअरचं पाणी असेल तर काढून टाका आणि कुलंट घाला, बोअरच्या क्षाराने रेडिएटर आतून बुजतो. झाकणाचं रबर बघा. पंखा गार इंजिनावरही सतत घोंघावत असेल तर त्याचा क्लच जाम आहे, तोही डिझेल खातो. हे करून मग वाल. वाल काहीशे रुपयांचा, सगळं मिळून दोन-तीन हजारांत बसेल.

आता चाकं. इथे मला माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती आजही सलते.

खूप वर्षांपूर्वी एक दूधवाला त्याची पिकअप घेऊन आला. ॲव्हरेज पडलंय म्हणाला. थोडा काळा धूर होता. मी इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग, काढले, बाहेर पाठवून दुरुस्त करून आणले, त्याचे बरेच पैसे खर्ची पडले. ॲव्हरेज होतं तिथेच. पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. मी गाडी चालवून एक फेरी मारून येऊन थांबलो आणि कशालातरी टेकताना माझा हात मागच्या डाव्या चाकाजवळ गेला. धग लागली. हँडब्रेकची वायर आतल्या गंजाने अडकली होती, ब्रेक लावून सोडला तरी लायनर पुरते मागे येत नव्हते. महिनाभर तो माणूस ब्रेक दाबून दूध वाहत होता. मी मजुरी परत केली, पण इंजेक्टरचे पैसे त्याचे गेले ते गेलेच. तेव्हापासून ॲव्हरेजची तक्रार आली की मी बॉनेट उघडायच्या आधी चाकं तपासतो.

तुम्हीही तेच करा. पंधरा-वीस किलोमीटर चालवून, शेवटचं अंतर शक्यतो ब्रेक न मारता, गाडी आपोआप थांबू द्या. मग चारही चाकांजवळ हात न्या. आधी लांबून, कारण जाम ब्रेकचा हब भाजतो. तीन चाकं कोमट आणि एक कडक तापलेलं असेल तर चोर सापडला. नसेल तर जॅक लावून गाडी न्यूट्रलला ठेवून एकेक चाक हाताने फिरवा. पुढचं चाक मोकळं फिरायला हवं, थोडा घासल्याचा आवाज चालतो, पण ढकलावं लागत असेल तर ब्रेकच्या कॅलिपरच्या पिना साफ करून ग्रीस लावायला सांगा. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये दोन माणसांनी रिकामी गाडी ढकलली की ती सहज सरकली पाहिजे. जॅक लावताना दुसऱ्या चाकांना दगड लावल्याशिवाय गाडीखाली कुणी जाऊ नये, हे सांगायची गरज नाही, तरी सांगतो.

हवा आठवड्यातून एकदा, पहाटे टायर गार असताना बघा. दाराजवळ किंवा माहितीपुस्तिकेत कंपनीने दिलेला आकडा असतो, भरलेल्या गाडीला मागे पुढच्यापेक्षा बरीच जास्त लागते. अंदाजाने काठी मारून आवाज ऐकणं पुरत नाही. टायरवरून तळहात एकदा आतून बाहेर आणि एकदा बाहेरून आत फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखं टोचलं तर अलाइनमेंट गेलंय. पुढचे टायर घ्याल तेव्हा मूळ मापाचे घ्या. आत्ताचे फेकून देऊ नका, झिजेपर्यंत वापरा, फक्त हिशेबात चार टक्के धरा.

वजनाचं मात्र तुमच्याशी स्पष्ट बोलायला हवं. ८० कॅरेट, २० किलो माल प्रत्येकात, म्हणजे १,६०० किलो. वर रिकाम्या कॅरेटचं वजन, ताडपत्री, हौद्यावर वाढवलेली जाळी, सोबतचा माणूस. बेरीज पावणेदोन टनांच्या घरात जाते. तुमच्या गाडीची क्षमता पत्रात १,३०० किलो लिहिली आहे. ६० कॅरेटला गाडी साधारण तिच्या मापात होती, ८० ला नाही. जास्त वजन ओढायला जास्त डिझेल जाणारच, त्यात तात्यांचाही दोष नाही आणि इंजिनाचाही. उलट असा विचार करा: ६० कॅरेट नेताना लागणारं डिझेल भागिले ६०, ८० नेताना लागणारं भागिले ८०. कॅरेटमागे डिझेल कदाचित कमीच लागत असेल. म्हणजे ॲव्हरेज पडूनही त्या बाबतीत तुमचा धंदा तोट्यात नाही. पण बाकीचं बिल वेगळं येतं, पाटे, टायर, क्लच, ब्रेक. आणि घाट उतरताना ब्रेकवर चारशे किलोचा जादा भार. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. एका वजनकाट्यावर एकदा भरलेली गाडी चढवा, खरा आकडा बघा आणि मग घरात ठरवा. मला विचाराल तर ६० च्या वर जाऊ नका.

घाट उतरण्याचा विषय निघालाच आहे तर तात्यांना एक गोष्ट जरूर विचारा, घाटात गाडी न्यूट्रल करता का? बरेच जुने ड्रायव्हर करतात, आणि मालकाचं डिझेल वाचावं म्हणून करतात. खरं उलटं आहे. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उताराला चाकंच इंजिन फिरवतात आणि पंप डिझेल बंद करतो. न्यूट्रल केलं की इंजिन चालू ठेवायला डिझेल जळत राहतं. वर इंजिनाचा आधार सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापून धरेनासे होतात. भरलेली गाडी बोरघाटात न्यूट्रलमध्ये उतरवणं हा जिवाशी खेळ आहे. हे ॲव्हरेजसाठी नसलं तरी सांगितलं असतं.

वाशीला रांगेत गाडी किती वेळ चालू राहते तेही विचारा. उभं इंजिन तासाला अर्धा ते पाऊण लिटर पितं. फेरीला दोन तास धरले तर महिन्याला पंधरा-वीस लिटर तिथेच जातात.

एअर फिल्टर काढून उजेडात धरा, पलीकडचा उजेड दिसत नसेल तर बदला. टर्बोची रबरी नळी चिरली असेल तर चढाला काळा धूर, शिट्टीसारखा आवाज आणि ओढ कमी, असं तिन्ही एकत्र दिसतं. डिझेल फिल्टर वेळेवर. क्लच घसरत असेल तर चढाला इंजिनचा आवाज वाढतो, गाडी वाढत नाही. यातली लक्षणं तुमच्या पत्रात नाहीत म्हणून लांबवत नाही, इतर वाचकांना उपयोग होईल.

आणि इंजिन? तुम्ही लिहिलंय, गाडी अर्ध्या सेल्फला चालू होते आणि दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये ऑइल घालावं लागत नाही. हे दमलेल्या इंजिनाचं लक्षण नाही. झिजलेलं इंजिन ऑइल पितं, निळा धूर सोडतं, सकाळी चालू व्हायला रडतं. एक साधी परीक्षा: इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण काढा. थोडी वाफ चालते, पण धुराचे भपके येत असतील, झाकण वर ठेवलं तर थडथड नाचत असेल, तर गॅरेजवाल्याचं म्हणणं ऐका. नसेल तर ९० हजार घरात ठेवा. तरीही तो इंजिन उघडायचंच म्हणाला तर दोन गोष्टी आधी करायला सांगा, कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर दाब किती धरतो ते बघायची) आणि इंजेक्टरची रिटर्न टेस्ट. दुसरीत चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडून काही मिनिटं इंजिन चालवतात. एक बाटली इतरांपेक्षा भसाभस भरली तर तो एक इंजेक्टर खराब, चारही नव्हेत. आकडे लिहून द्या म्हणावं. जो मिस्त्री मोजल्याशिवाय इंजिन उघडतो त्याच्याकडे मी माझी गाडी देणार नाही.

नवी गाडी घ्यायची का, हा प्रश्न आज विचारूच नका. समजा ९ लाखांचं कर्ज १० टक्क्यांनी ५ वर्षांसाठी काढलं, तर हप्ता १९ हजारांच्या वर जातो. तुमचा सगळ्यात वाईट हिशेबाचा खड्डा साडेबारा हजारांचा आहे, आणि हंगाम नसलेल्या महिन्यांत तेवढाही नाही, हप्ता मात्र बाराही महिने. जुन्या गाडीला दर वर्षी फिटनेस आहे, पर्यावरण कर आहे, ते सगळं मान्य. फिटनेसला गाडी अडली, चेसिस गंजली, मग बोलू.

शेवटी तात्यांचं. सगळ्यात अवघड तेच आहे, मला कळतं. त्यांना "डिझेल कुठे जातं?" असं विचारू नका. हा प्रश्न कितीही गोड आवाजात विचारला तरी त्यातला आळ ऐकू येतो, आणि ११ वर्षं पहाटे तीनला उठून तुमचा माल पोहोचवणाऱ्या माणसाला तो जन्मभर ऐकू येत राहील. त्याऐवजी म्हणा, "तात्या, गाडी आजारी आहे. मला कळत नाही, तुम्हाला कळतं. आपण दोघं मिळून शोधू." आणि वालाचं, काट्याचं, चाकांचं त्यांनाच करायला लावा. गाडी कुठे खेचत नाही, कधीपासून, कुठल्या चढाला, हे त्यांच्या पायांना माहीत आहे. तुमच्या घरात आजवर कुणी त्यांना ते विचारलेलं दिसत नाही. एका फेरीला तुम्ही स्वतः सोबत जा. पहारा म्हणून नाही, रस्ता बघायला. रांगेत किती तास जातात, कुठे चहा मिळतो, कुठे झोप येते, हे मालकिणीने एकदा बघितलेलं बरं असतं.

डिझेलची शिस्त मात्र लावा, आणि ती माणूस कुणीही असो, लावायलाच हवी: टाकी नेहमी फुल, नेहमी ठरलेल्या पंपावर, पैसे तुमच्या मोबाईलवरून, पावती वहीत. दीर गाडी घेऊन जातील तेव्हा त्यांनाही तेच. यात तात्यांचंही रक्षण आहे. उद्या पुन्हा कुणी बोट दाखवलं तर त्यांच्या बाजूने वही बोलेल.

हे सगळं करूनही, वजन तेच, रस्ता तोच, गाडी सुधारलेली, तुम्ही सोबत असताना साडेअकरा आणि नसताना दहा, असं पुन्हा पुन्हा वहीत दिसलं, तर मग वेगळं बोलावं लागेल. तेही घरात चार माणसांत नको, एकट्याला बोलावून, वही पुढे ठेवून. पण तिथवर जावं लागेल असं मला तुमच्या आकड्यांवरून वाटत नाही.

या रविवारी रेडिएटर आणि वाल, पुढच्या सुट्टीला चाकं, आणि पुढच्या तीन टाक्या ६० कॅरेटवर. तिसरी टाकी फुल झाली की आकडे मला लिहून पाठवा, मीटरचे आहेत तसेच, चार टक्के मी धरून घेईन. आणि काटा कुठे येऊन थांबतो, ते तात्यांना विचारून लिहा.